सोनखत

मुंबई इलाख्यातल्या एखाद्या नगरपालिकेचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल काढून बसा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती असं वाचत गेलं की मध्येच ‘नाईट सॉइल’ भेटतो. नाईट सॉइलच्या गाड्या, नाईट सॉइल टाकायची जागा, नाईट सॉइलवरचा खर्च. साहेबाला सरळ ‘गू’ लिहायचं नव्हतं हे उघडच आहे, पण हा शब्द नुसता लाजेतून आलेला नाही. ट्यूडर काळातल्या लंडनमध्ये घराखालचे मैल्याचे खड्डे उपसणाऱ्यांना रात्री नऊ ते पहाटे पाच एवढ्याच वेळात काम करायची मुभा होती. भल्या माणसांच्या नाकाला आणि डोळ्यांना त्रास नको, म्हणून. पुढे या लोकांना ‘नाईटमेन’च म्हणू लागले. त्यांनी रात्री काढलेला माल गावाबाहेरच्या शेतात जाई आणि शेतकरी त्याचे पैसे मोजत. रात्री निघते आणि मातीत जाते, एवढं सगळं त्या दोन शब्दांत बसलं.

आपल्याकडे याच मालाला शेतकऱ्यांनी दिलेलं नाव आहे सोनखत. त्यात लाज नाही, उलट भाव आहे. जुन्या अहवालांची गंमत अशी की हा एकच पदार्थ खर्चाच्या बाजूला असतो तेव्हा तो घाण असतो आणि जमेच्या बाजूला येतो तेव्हा खत असतो. मधल्या काळात त्याचं काय होतं, कोण करतं, ते अहवालात एका ओळीत आटपलेलं असतं. मला ती ओळ फोडून बघावीशी वाटते.

पुण्याचं उदाहरण घ्या. खडकवासल्याचं धरण झालं, मुठा कालव्याला पाणी आलं आणि शहराच्या पूर्वेकडच्या गावांतून ऊस उभा राहिला. उसाला खत लागतं, भरपूर लागतं, आणि गाईगुरांचं शेण एवढ्या उसाला पुरणार नाही. शेजारी पुण्यासारखं शहर रोज गाड्याच्या गाड्या मैला बाहेर काढत होतं. तो खड्ड्यांतून राखेत आणि केरकचऱ्यात मिसळायचा, उन्हात सुकवायचा आणि भुकटी झाली की विकायची, असा धंदा नगरपालिकांनी मांडला. इंग्रज अधिकारी या भुकटीला फ्रेंचांकडून उचललेल्या नावाने ‘पूद्रेत’ म्हणत. शेतकरी आधी हात लावायला तयार नव्हते. विटाळ, जात, शेजारी काय म्हणतील, सगळं आडवं आलं. मग कोणीतरी टाकून पाहिलं, बांधापलीकडच्याने त्याचा ऊस पाहिला, आणि प्रश्न मिटला. विटाळ किती टनांपर्यंत टिकतो याचं गणित उसाने सोडवलं असं म्हणायला हरकत नाही.

हे काही आपलंच वैशिष्ट्य नव्हे. जपानात एदोच्या काळात शहरांतला मैला शेतकरी विकत घेत, बदल्यात भाजीपाला देत. ओसाकात तर भाडेकरूच्या शौचाचा हक्क घरमालकाचा आणि मूत्राचा भाडेकरूचा अशी वाटणी होती. त्यावरून भांडणंही होत. लंडनचा बाजार मात्र एकोणिसाव्या शतकात कोसळला. एकीकडे शहर इतकं फुगलं की शेतं लांब गेली आणि गाडीभाडं परवडेना, दुसरीकडे १८४० नंतर पेरूच्या बेटांवरून पक्ष्यांची वाळलेली विष्ठा जहाजांनी येऊ लागली. सुकी, हलकी, पोत्यात भरता येणारी. शेजारच्या गल्लीतल्या माणसाची विष्ठा नको झाली आणि अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली पक्ष्याची चालली! त्याच सुमाराला पाण्याने वाहून नेणारे संडास घरोघर आले, खड्डे भरून वाहू लागले, त्यांची तोंडं गटारांना आणि गटारांची थेम्सला जोडली गेली. १८५८च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. तेव्हा कुठे बॅझलजेट या इंजिनिअरच्या मोठ्या गटारांना पैसे मंजूर झाले.

आता त्या एका ओळीकडे येते.

माझ्या आत्याचं माहेर, म्हणजे आमचं जुनं घर, एका पेठेतल्या वाड्यात होतं. वाडा आता नाही, तिथे पाच मजली इमारत आहे, पण आत्याला त्याचा कोपरा न् कोपरा आठवतो. संडास परसात, विहिरीपासून लांब, भिंतीला लागून. चार पायऱ्या चढून वर जायचं, दोन दगडांवर पाय ठेवून बसायचं. खाली वेताची, पुढे पुढे पत्र्याची, टोपली. आणि टोपलीच्या मागे भिंतीत पत्र्याची झडप, जी आतून नव्हे तर बाहेरच्या बोळातून उघडायची. बोळ जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. त्या बोळाला दुसरा काहीच उपयोग नव्हता. घराच्या पुढच्या दाराला जसं ओटा, कोनाडा, तोरण, तसं घराच्या मागच्या दाराला तो बोळ. मुंबईत यालाच घरगल्ली म्हणतात. जुन्या चाळींच्या मागे त्या अजून आहेत, उंदीर आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेल्या, आणि महापालिकेच्या साफसफाईच्या यादीत त्यांचं वेगळं खातं असतं.

‘झडप वाजायची सकाळी,’ आत्या म्हणते. ‘कोणी आत असलं की खाकरायचं. मग ती थांबायची.’

ती म्हणजे कोण, असं विचारल्यावर आत्या थोडा वेळ गप्प राहिली. तिला दूधवाल्याचं नाव आठवत होतं, कल्हईवाल्याचं आठवत होतं, वर्षातून एकदा येणाऱ्या वासुदेवाचं गाव आठवत होतं. हिचं नाव तिला कधी कळलंच नव्हतं. दिवाळीला फराळ आणि जुनं लुगडं बोळाच्या तोंडाशी ठेवलं जाई, तेवढीच ओळख. वाड्याची रचनाच अशी की रोज, वर्षानुवर्षं, एक बाई तुमच्या सगळ्यांत खासगी जागेला हात लावून जाते आणि तुम्ही तिचं तोंडही पाहत नाही. गवंड्याने ते बांधकामातच करून ठेवलेलं होतं.

मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी ‘हलालखोर कर’ नावाची पट्टी होती. मैला वाहून न्यायची सोय महापालिकेने करायची आणि घरमालकाने त्याचा कर भरायचा. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. शब्द एवढा सन्मानाचा आणि त्या शब्दाने ज्याला हाक मारायची त्याला शिवायचं नाही.

इथे साधारणपणे लेखात गाडगेबाबा येतात. यायलाच हवेत, गावात कीर्तन सांगण्याआधी गाव झाडणारा माणूस दुसरा कोण झाला? पण मला झाडू आणि टोपली यांत फरक दिसतो. झाडू कोणीही हातात घेऊ शकतो. २ ऑक्टोबरला मंत्री घेतात, नटनट्या घेतात, आधीच झाडलेल्या रस्त्यावर वाळकी पानं टाकून फोटो काढले जातात. टोपली कोणी घेत नाही. म्हणून टोपली मागून घेणाऱ्या एका माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४, रत्नागिरी जिल्ह्यातले. तत्त्वज्ञानाचे एम.ए., पुण्यात प्राध्यापकी, मग गांधींकडे गेले आणि परत कोकणात आले. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं संडास सफाईचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतलं जाई. अप्पासाहेबांनी ते काम आपल्याला द्या म्हणून मागणी केली. तुरुंगाने नाही म्हटलं, कारण ते ब्राह्मण. चोरी केलेल्या माणसालाही तुरुंगात जात चिकटलेलीच होती आणि ती सांभाळायची जबाबदारी चक्क ब्रिटिश सरकारने घेतली होती! अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. ही बातमी येरवड्याला गांधींपर्यंत पोहोचली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनीही पाठिंब्याचा उपास सुरू केला. पुणे करार होऊन अडीच महिनेही झाले नव्हते; सरकारला दुसरं उपोषण नको होतं. विचार करू असं आश्वासन आलं आणि एक-दोन दिवसांत गांधींचा उपास सुटला.

संडास साफ करू द्या म्हणून उपास. मला या गोष्टीतला हट्ट फार आवडतो. त्यात दया नाही, सेवा वगैरेही नाही. नियम जिथे लिहिलेला आहे तिथेच बोट ठेवायचं आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथे मेलेल्या जनावराचं कातडं सोडवण्यापासून ते मैल्याचं खत करण्यापर्यंत सगळी ‘हलकी’ कामं मांडली. त्यांचं म्हणणं असं की माणसाने माणसाचा मैला वाहायचा नाही, हे नुसतं म्हणून होत नाही. त्यासाठी संडासाची बांधणीच वेगळी करावी लागेल. म्हणून गोपुरी संडास. मैला जागच्या जागी मातीत, पाल्यात झाकून कुजवायचा, खत झालं की काढायचं. वाहणारा माणूस गणितातूनच वजा. वाड्याच्या गवंड्याला हे उत्तर होतं, असं मला वाटतं.

मात्र अप्पासाहेबांच्या बाजूला आंबेडकरांना बसवल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सफाईच्या कामाचा गौरव करणं, त्याला पवित्र म्हणणं, याची त्यांना चीड होती. त्यांचं म्हणणं अगदी थेट होतं: या देशात माणूस सफाई करतो म्हणून भंगी ठरत नाही, तो जन्माने भंगी ठरतो, मग तो ते काम करो वा न करो. ज्याला पर्याय होता त्याने टोपली उचलली की तो महात्मा. ज्याला पर्याय नव्हता त्याला त्याच टोपलीचं पावित्र्य ऐकवायचं, हा कुठला न्याय? दोघांतल्या कोणाच्या बाजूने मी आहे असं विचारलं तर आंबेडकरांच्या. पण संडास कसा बांधावा हे विचारायचं झालं तर मी अप्पासाहेबांकडे जाईन.

टोपल्या गेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेठांतून फ्लश आले, बोळांना गेट लागली, किंवा एफएसआयमध्ये बोळ गिळले गेले. आपण सगळे समजतो की प्रश्न संपला. बटण दाबलं, पाणी खळाळलं, गेलं. कुठे गेलं? पुण्या-मुंबईच्या जुन्या भागात निदान गटारात गेलं. तालुक्याच्या गावांत बहुतेक ठिकाणी मैल्याची गटारंच नाहीत. तिथे घरामागे सेप्टिकची टाकी असते.

माझी आई अशाच एका गावी राहते. गेल्या उन्हाळ्यात संडासात पाणी उतरेना म्हणून शेजारच्या काकांनी ‘गाडीवाल्याला’ फोन लावला. गाडी म्हणजे हिरव्या रंगाचा टँकर, मागे पंप, बाजूला गुंडाळलेला चार इंची पाइप. ड्रायव्हर आणि एक हेल्पर, विशीतला, पायात स्लीपर, हातात काही नाही. पहिली अडचण टाकी सापडण्याचीच. घर बांधलं तेव्हा बाबांनी ढापा कुठे ठेवला होता ते आईला माहीत होतं, पण मध्यंतरी अंगणात फरशी बसवली आणि ढापा फरशीखाली गेला. ‘मावशी, तोडायला लागंल,’ हेल्पर म्हणाला. आईने फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याने पहारीने दोन फरश्या उचकटल्या, खाली ढाप्याची कडी, गंजलेली. ढापा सरकवला तेव्हा वास आला तो मला वाटला होता तसा नव्हता. संडासाचा नव्हे, अंडं कुजल्याचा, आणि लगेच कमी झाला. ड्रायव्हर ओरडला, ‘ए, वाकू नको, उभा ऱ्हा दहा मिनिटं.’

तो ओरडला ते महत्त्वाचं होतं, त्याबद्दल पुढे. वर जाड साय धरलेली, करडी, तडे गेलेली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. त्याखाली पाणी, तळाशी गाळ. टाकीचं काम एवढंच: जड ते खाली बसावं, हलकं ते वर तरंगावं आणि मधलं पाणी पलीकडच्या नळीने बाहेर पडावं. तळच्या गाळाला जंतू हळूहळू खातात, पण सगळा खात नाहीत. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. आमचा उपसलाच नव्हता, बाबा गेले त्याच्याही आधीपासून. गाळ इतका घट्ट झाला होता की पाइप ओढेना. मग बादल्यांनी पाणी ओतायचं, बांबूने ढवळायचं, परत पंप. हेल्परच्या पोटरीपर्यंत शिंतोडे उडाले होते. एवढ्या वर्षांत टाकीतून मधलं म्हणून जे पाणी बाहेर पडत होतं ते मधलं राहिलंच नसणार. गाळासकट ते सरळ रस्त्याकडच्या उघड्या गटारात जात होतं आणि गटार ओढ्यात. आख्ख्या आळीचं तसंच आहे.

काम झाल्यावर आईने चहा केला आणि कागदी कपात दिला. आम्हालाही कागदी कपातच. कागदी कपाने आपल्या समाजाची केवढी सोय केली आहे! वेगळी कपबशी ठेवणारी पिढी आणि वेगळी कपबशी ठेवायची लाज वाटणारी पिढी, दोघींची सुटका. कोणाला काही ठरवावंच लागत नाही.

‘आता हे कुठं ओतणार?’ मी ड्रायव्हरला विचारलं.

‘शेतकरी मागत्यात की ताई. उसाला लई भारी. न्हाई कोण मिळालं तर मग...’ आणि त्याने हाताने गावाबाहेरची एक अनिश्चित दिशा दाखवली.

म्हणजे सोनखत अजून चालू आहे, फक्त मधलं सुकवणं गळून गेलंय. जुन्या नगरपालिकांचा मैला निदान खड्ड्यात पडून, राखेत मुरून, उन्हात वाळून शेतात जायचा. आज टँकरचं तोंड सरळ सरीत उघडतं. कच्च्या मैल्यातली जंताची अंडी मातीत महिनोन् महिने तग धरतात आणि शेतात अनवाणी फिरणारे पाय कोणाचे असतात हे सांगायला नको. उसाचं एक ठीक आहे, तो उंच वाढतो. त्याच वावरात पुढच्या हंगामाला मेथी-कोथिंबीर असली तर?

आता त्या ओरडण्याबद्दल. बंद टाकीत गाळ कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. अंडं कुजल्याचा वास येतो तो दुसऱ्याचा. थोडा असतो तेव्हाच तो नाकाला कळतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. म्हणजे धोका वाढला की इशारा बंद. माणूस आत उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. मग तिसरा. टाकीतल्या अपघातांत एकच माणूस मेल्याची बातमी त्यामुळेच क्वचित येते. मे २०२३मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिकची टाकी साफ करताना पाच जण गेले. मदतीला धावणं हा माणसाचा सगळ्यांत चांगला गुण तिथे त्याला मारतो.

कायदे नाहीत असं नाही. हाताने मैला उचलायला लावण्यावर आणि कोरड्या संडासांवर १९९३ साली बंदी आली. २०१३च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. मार्च २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी गाड्या फिरतात त्या खासगी, ठेका तोंडी, आणि घरमालकाला वाटतं की त्याने गाडीला पैसे दिलेत, माणसाला नव्हे. आमच्या हेल्परला कोणी उतर म्हटलं नाही, कारण ड्रायव्हर जाणता होता आणि पाण्याने गाळ सुटला. सुटला नसता तर? आई बादली घेऊन उभी होती, मी फोन घेऊन. कायद्याचं कलम आमच्यापैकी कोणालाच आठवलं नसतं.

एक गोष्ट या विषयावर बोलताना टाळली जाते. आपल्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरात पगाराची दुसरी कुठलीच खात्री नाही त्या घरासाठी हा केवढा आधार आहे, ते त्या वस्तीत गेल्यावर कळतं. नोकरीसाठी मुली बापाच्या पश्चात कोर्टापर्यंत लढतात. आणि तीच तरतूद झाडू बापाकडून मुलाकडे पोहोचवते, पदवी घेतलेल्या मुलाकडेसुद्धा. ती काढून टाका असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. ती तशीच राहावी असं म्हणवत नाही, हेही तितकंच खरं.

दोन शोषखड्ड्यांचा संडास तुम्ही उघडलेला पाहिला आहे का? सरकारी योजनांत हाच सुचवतात. संडासाच्या भांड्यापासून निघालेला पाइप एका चेंबरमध्ये येतो आणि तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात. एक फाटा विटेने बंद. एक खड्डा भरला की वीट या फाट्यातून काढून त्या फाट्यात लावायची. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तळ कच्चा, भिंतीला जाळी, पाणी मातीत मुरतं. एका ओळखीच्या शेतकऱ्याने असा खड्डा माझ्यासमोर उघडला. आतला माल कॉफीच्या चोथ्याएवढा काळा आणि भुसभुशीत होता. त्याने ओंजळभर उचलून माझ्यापुढे धरला आणि मी घेतला. वास होता तो पहिल्या पावसाआधी फणपाळी मारलेल्या रानाचा. हात लगेच धुतले, हेही सांगते.

अप्पासाहेबांच्या गोपुरीतलीच ही कल्पना, फक्त दगडविटांत. इतकी स्वस्त आणि शहाणी गोष्ट असून ती गावागावांत का चालत नाही? कारण खड्डा लहान असतो. बारा-पंधरा हजारांत होतो. लोकांना लहान खड्डा नको, मोठी टाकी हवी. दहा बाय दहाची, चारी बाजूंनी प्लास्टर केलेली, ‘पंधरा वर्षं बघायला नको’ म्हणून सांगता येणारी. खड्डा भरला की आपणच उघडायचा, या विचारानेच जीव घाबरतो. खत झालेलं असतं हे सांगून पटत नाही. मोठी टाकी म्हणजे पंधरा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर टाकलेलं काम, आणि तो दुसरा कोण हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं.

या सगळ्यात मला आशा वाटली ती वाईबद्दल वाचून. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाची वाई. २०१८च्या सुमाराला वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या दोन छोट्या नगरपालिकांनी देशात पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली: टाकी तुंबायची वाट बघायची नाही. गावाचे भाग पाडायचे, दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी पालिकेची गाडी येणार, टाकी उपसणार, आणि त्याचा वेगळा पैसा त्या दिवशी घ्यायचा नाही, तो कराच्या बिलातून आधीच आलेला असेल. उपसलेला गाळ गावाबाहेरच्या प्रक्रिया केंद्रात. वाईच्या केंद्रात तो सुकवून उष्णतेने जाळतात, जंताची अंडी वगैरे सगळं संपतं. गाळ तीन वर्षांचा असल्यामुळे घट्ट झालेला नसतो, पाइपने निघतो, म्हणून माणसाला आत बघायचंही कारण उरत नाही. हेल्परचा जीव वाचवायला यंत्रमानव लागत नाही, वेळापत्रक पुरतं. हे मला फार पटलं. घरपट्टीच्या पावतीवर आलेली ही पट्टी त्या हलालखोर कराचीच लांबची नात आहे, पण तिच्यात बोळ नाही.

आमच्या आळीत मी हे सांगून पाहिलं. नऊ घरं आहेत, मिळून दर तीन वर्षांनी गाडी बोलावू, एकाच दिवशी, भाडंही कमी पडेल, आणि माल कुठे जातो ते आधी ठरवून घेऊ. काका म्हणाले कल्पना उत्तम आहे. समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘पण आमची अजून भरलीच नाही, मग कशाला?’ कोपऱ्यावरच्या घराची टाकी त्यांच्या नव्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेली आहे, असं या चर्चेतच कळलं. उरलेल्यांपैकी चौघांना आपली टाकी नेमकी कुठे आहे ते माहीत नाही. एकांनी बांधकामाचा नकाशा शोधतो म्हणून सांगितलं आहे. आईने फरश्या परत बसवताना गवंड्याला ढाप्यावरच्या दोन फरश्या सिमेंट न लावता नुसत्या ठेवायला लावल्या. गवंडी म्हणाला, ‘डगडगतील की मावशी.’ आई म्हणाली, डगडगू देत.